बाबा बरोबर आहेत, तरीही एक दिवस पास घ्या

ताई, नमस्कार.

आम्ही अमेरिकेत शार्लटला असतो. सासू-सासरे साताऱ्याहून आले आहेत, आणि आता दीर, जाऊबाई आणि त्यांचा बारा वर्षांचा मुलगाही येतोय. आम्ही चौघं धरून (मुलगा अकरा, मुलगी पाच) नऊ जण जूनमध्ये ओरलँडोला डिस्नी वर्ल्ड बघायला जाणार आहोत. घर भाड्याने घेतलंय, दोन दिवसांची तिकिटं काढलीत: एक दिवस मॅजिक किंगडम, एक दिवस अ‍ॅनिमल किंगडम. भांडण लागलंय ते लाइटनिंग लेनवरून.

नवऱ्याने जेवताना सहज सांगितलं, की माणशी तीसेक डॉलर जास्तीचे भरले की वेगळ्या दाराने सोडतात, तासाभराची रांग दहा-पंधरा मिनिटांवर येते. बाबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, हातातला घास ताटात ठेवला. ते निवृत्त मुख्याध्यापक. कित्येक आषाढ्या पंढरपूरच्या दर्शनरांगेत उभे राहिलेले. म्हणाले, “पैसे देऊन पुढंच जायचं असतं तर मी तिथं रांगेत रात्र काढली असती का? तुम्ही जा पुढं. मी सरळ रांगेतनं येतो.” नवरा म्हणाला, “मग तिरुपतीला तीनशेचं तिकीट कुणी काढलं होतं?” झालं! तेव्हापासून बापलेक कामापुरतंच बोलतायत.

आता नवरा म्हणतो, ज्यांना नको त्यांनी घेऊ नये. आपण चौघं आणि पुतण्या पासने जाऊ, बाकीचे मागून येतील. मैत्रीण म्हणते, बाबांचे गुडघे दुखतात ना, व्हीलचेअर घ्या, रांगच लागत नाही. सासूबाईंना चक्कर येते, त्यांना कशातच बसायचं नाही. जाऊबाई फोनवर “तुम्ही ठरवाल ते” म्हणाल्या, पण मागे दिरांचा आवाज आला, “नऊ गुणिले तीस गुणिले पंच्याऐंशी...” आणि काल रात्री मुलाने विचारलं, “आई, हे चीटिंग आहे का?”

काय करू? आणि त्याला काय सांगू?

— नऊ जणांची मॅनेजर, शार्लट

*

मॅनेजरबाई,

आधी उत्तर देते, कारणं मागून. मॅजिक किंगडमच्या दिवशी पास घ्या, सासूबाई सोडून आठही जणांचा. अ‍ॅनिमल किंगडमच्या दिवशी एकाचाही घेऊ नका. पाच जण पुढे आणि बाकीचे मागे, हा तुमच्या नवऱ्याचा तोडगा वाईट आहे. मैत्रिणीचा त्याहून वाईट.

व्हीलचेअरचा विषय पहिल्यांदा मिटवते. 2013 साली न्यूयॉर्कच्या एका वृत्तपत्रात बातमी आली होती, की काही गडगंज कुटुंबं अपंग व्यक्तींना तासाच्या बोलीवर सोबत घेतात, आपले नातेवाईक म्हणून दाखवतात आणि त्यांच्या आडून डिस्नी वर्ल्डच्या रांगा चुकवतात. त्याच वर्षी डिस्नीने जुनी सवलत बंद करून नवी पद्धत आणली. 2024 मध्ये तीही आवळली. आता ती सवलत मुख्यतः ऑटिझम किंवा तशा विकासात्मक अपंगत्वामुळे ज्यांना साध्या रांगेत फार वेळ थांबता येत नाही, त्यांच्यासाठी आहे. गुडघेदुखी त्यात बसत नाही. खोटेपणा करणारे मजा करून घरी गेले आणि चौकशीचा जाच वाट्याला आला तो खऱ्या गरजूंच्या. शिवाय तुमच्या मैत्रिणीची माहिती जुनी आहे. तिथल्या बहुतेक रांगा खुर्ची जाईल इतक्या रुंद आहेत आणि खुर्ची सगळ्यांबरोबर त्याच रांगेतून सरकते. बाबांचे गुडघे खरोखर बोलत असतील तर खुर्ची जरूर भाड्याने घ्या. त्या पार्कात दिवसाकाठी जी पायपीट होते ती तरुण माणसाचीही पिंढरी धरते. पण खुर्ची चालण्यासाठी घ्यायची. रांग चुकवण्यासाठी घेतलेली आहे असा नुसता वास जरी बाबांना आला, तरी ते त्या खुर्चीत बसणार नाहीत, आणि मी त्यांच्या बाजूने असेन.

आता नवऱ्याचा तोडगा. ऐकायला तो अगदी लोकशाहीवादी वाटतो: ज्याला हवं त्याने घ्यावं, नको त्याने घेऊ नये. प्रत्यक्षात काय होईल ते डोळ्यांसमोर आणा. दोन्ही दारं शेजारी-शेजारी असतात. एका बाजूला बाबा, दीर आणि जाऊबाई उन्हात उभे. दुसऱ्या बाजूने तुम्ही पाच जण मनगटावरची पट्टी किंवा फोन टेकवून आत. पुढे दोन्ही रांगा जिथे एकत्र होतात तिथला कर्मचारी साध्या रांगेला हाताने थोपवतो आणि पासवाल्यांना सोडतो. तो हात बाबांच्या छातीसमोर येणार आणि त्यांचा मुलगा, नातवंडं समोरून पुढे जाणार. मुख्याध्यापक राहिलेल्या माणसाला हे चालेल असं तुम्हाला वाटतं?

बाबा निदान स्वतःच्या तत्त्वासाठी उभे असतील. मला जास्त काळजी तुमच्या पुतण्याची वाटते. बारा वर्षांच्या मुलाला सगळं कळतं. आपले आईबाबा कुठल्या रांगेत आहेत, आपण कुठल्या, आणि आपल्याला पुढे कुणाच्या पैशाने नेलं जातंय. काका प्रेमानेच नेतोय, हेही त्याला कळतं, म्हणून तो काही बोलणार नाही. तुमच्या मुलाशी खिदळत राइडमध्ये बसेल. आणि घरी परतल्यावर मित्रांना फोटो दाखवताना ती एक गोष्ट गाळेल. नंतर सारवासारव करूनही हे पुसता येत नाही. म्हणून माझी अट एवढीच, की पास सगळ्यांचा किंवा कुणाचाच नाही. सासूबाई अपवाद, कारण त्या कशातच बसणार नाहीत. आणि खरं तर पासचा सगळ्यात जास्त फायदा त्यांनाच होणार आहे. पास नसेल तर तुम्ही आठ जण तास-तासभर गायब आणि त्या एकट्या बाकावर, भाषा परकी, फोन लागेल की नाही ही धाकधूक. पास असेल तर वीस-पंचवीस मिनिटांत सगळे परत. बाबांशी बोलताना इथून सुरुवात करा. रांगेच्या न्याय-अन्यायावर ते तुम्हाला ऐकणार नाहीत, पण बायको बाकावर एकटी बसणार हे त्यांना ऐकू येईल.

आता मुलाचा प्रश्न. त्याला मी कच्चं उत्तर देणार नाही, कारण प्रश्न पक्का आहे.

एका राइडवर तासाला किती माणसं बसू शकतात हे ठरलेलं असतं. पासमुळे तिथे एकही खुर्ची वाढत नाही. समजा तासाला 2,000 माणसं बसतात आणि साध्या रांगेत तुमच्या पुढे 1,200 माणसं आहेत. एरवी तुमचा नंबर 36 मिनिटांत लागला असता. पण तासाच्या 2,000 जागांपैकी 1,200 पासवाल्यांना दिल्या, तर साध्या रांगेला उरतात 800. त्याच 1,200 माणसांना आता दीड तास लागतो. तुमचा मुलगा हुशार असेल तर इथे अडवेल: पास नसता तर ते पासवालेही त्याच रांगेत आले असते, मग रांग लांबली असती! बरोबर आहे. पण मग ती सगळ्यांसाठी सारखी लांबली असती. पासने एवढंच केलं, की थांबण्याचा वाटा एकाच्या अंगावरून उचलून दुसऱ्याच्या अंगावर ठेवला.

तेव्हा त्याला सांगा, चीटिंग नाही. नियम पाटीवर लिहिलेला आहे, कुणाला फसवलेलं नाही, जो पैसे भरेल त्याला मिळतं. पण एक गोष्ट त्याने लक्षात ठेवायची: पैसे आपण पार्कला देतो आणि वेळ घेतो तो रांगेत उभ्या असलेल्यांचा. त्या लोकांना आपल्या तीस डॉलरमधला एक पैसाही मिळत नाही. आपल्या शेजारच्या रांगेत थांबलेला मुलगा आपल्यासाठी थांबलाय, हे माहीत असताना त्याच्याकडे बघून दात काढत जायचं नाही, फोन उंच करून व्हिडिओ काढायचा नाही. अकरा वर्षांच्या मुलाला यातलं सगळं समजतं. आणि आजोबा काय म्हणत होते तेही समजतं.

बाबांचा राग कुठून येतो हे मला वाटतं तुमच्या नवऱ्यापेक्षा मला जास्त कळतंय, कारण आमची पिढी जवळपासची. गॅसच्या जोडणीसाठी नंबर लावलेला, टेलिफोनसाठी वर्षानुवर्षं थांबलेली, रेशनवर रॉकेलचा डबा घेऊन उभी राहिलेली ही माणसं. त्या रांगेत जो मधे घुसायचा तो वशिल्याचा असायचा, साहेबाचा मेहुणा नाहीतर पुढाऱ्याचा माणूस. रांग हीच साध्या माणसाची एकमेव पत होती. तिथे पैसा किंवा ओळख पुढे आली की आपला हक्क गेला, हे त्यांच्या अंगात मुरलंय. ते चूक नाही. आजही रॉकेल असो, दवाखाना असो, पाण्याचा टँकर असो, तिथे पैसे देऊन पुढे जाणाऱ्याला मी नावंच ठेवीन. एसटी स्टँडवर खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारे मात्र याच पिढीतले होते, हे जाता जाता नोंदवून ठेवते.

पंढरपूरचं त्यांनी काढलं ते मोलाचं आहे. आषाढीला तिथे दर्शनरांग काही किलोमीटर लांब जाते, माणसं रात्र रात्र उभी असतात. आणि पहाटे मुख्यमंत्री शासकीय महापूजा करतात तेव्हा त्यांच्या शेजारी मानाचे वारकरी म्हणून कोण बसतं? त्या रांगेत सगळ्यात पुढे उभं असलेलं जोडपं. कुणी शेतकरी, कुणी मजूर, त्यांची ओळख एवढीच की ते थांबले. एसटी महामंडळ त्यांना वर्षभराचा मोफत प्रवासाचा पास देतं. थांबण्याला मान मिळतो अशी रांग मला दुसरी माहीत नाही. बाबा त्या रांगेतले आहेत. त्यांना डिस्नीच्या रांगेतही तेच दिसणार.

पण डिस्नीची रांग ती नव्हे. तिथे थांबण्यात कुणाचीच श्रद्धा नाही, आणि त्या फाटकातून आत यायलाच माणशी शंभर डॉलरहून जास्त मोजावे लागतात. म्हणजे ज्यांच्याकडे पैसे नाहीत ते मुळात रांगेतच नाहीत. पैशाने होणारी निवड फाटकाबाहेरच झालेली असते, आतली लेन ही तिची दुसरी फेरी. बाबांना गंमत वाटेल म्हणून थोडा इतिहास सांगते. कॅलिफोर्नियात पहिलं डिस्नीलँड 1955 साली उघडलं तेव्हापासून पुढे बरीच वर्षं तिथे राइडगणिक कुपनं लागत. पुढे त्यांची उतरंड ए पासून ई पर्यंत गेली, ई सगळ्यात भारी. 1982 मध्ये ती कुपनं गेली आणि एकाच तिकिटावर सगळं खुलं झालं. 1999 मध्ये डिस्नी वर्ल्डमध्ये फास्टपास आला: राइडच्या दाराशी तिकीट यंत्रात सरकवायचं, चिठ्ठी मिळायची, त्यावर लिहिलेल्या वेळेला परत यायचं. फुकट. ज्याचे पाय चपळ त्याचा फायदा. 2014 पर्यंत ते सगळं मनगटावरच्या पट्टीवर आणि फोनवर गेलं, तरी फुकटच. 2021 मध्ये फास्टपास कायमचा बंद झाला आणि त्याच ऑक्टोबरात जिनी प्लस नावाने दिवसाला 15 डॉलर सुरू झाले. वर्षभरात भाव तारखेप्रमाणे हलायला लागला, मग पार्काप्रमाणेही. 2024 च्या जुलैत नाव बदलून लाइटनिंग लेन मल्टी पास झालं. म्हणजे काल जे सगळ्यांना फुकट होतं त्यालाच आज भाव लागलाय. बाबांना राग यायचाच असेल तर तो इथे यावा. तुमच्या नवऱ्यावर येऊन उपयोग नाही. आणि आपल्याकडचे लोक फार वेगळे आहेत असंही नाही: खोपोलीच्या इमॅजिकात एक्स्प्रेसची तिकिटं मिळतात, वंडरलात फास्टट्रॅक. पुतण्याला विचारा, त्याला माहीत असेल.

तिरुपतीबद्दल एवढंच, की नवऱ्याला सांगा तो विषय पुन्हा काढायचा नाही. तीनशेचं विशेष दर्शन बाबांनी काढलं असेल ते बहुधा तुमच्या सासूबाईंसाठी, नाहीतर परतीची गाडी गाठायची म्हणून. वडिलांना चारचौघांत, सुनेसमोर, नातवासमोर, त्यांच्याच वागण्याने गप्प करायचं आणि मग म्हणायचं की ते रुसलेत! वाद जिंकला खरा, पण त्याची भरपाई त्यालाच करायची आहे, आणि ती ओरलँडोला निघायच्या आधी. “बाबा, मी तसं बोलायला नको होतं” या एका वाक्यात काम होतं. तुम्ही मध्यस्थी करू नका.

आता पैशांचं, कारण तुमच्या पत्रात सगळ्यात दुखरी जागा ती आहे आणि तुम्ही एकाच ओळीत उरकलीत. दीर मनातल्या मनात गुणाकार करतायत. भारतातून आलेला प्रत्येक माणूस पहिले पंधरा दिवस तेच करतो, पाण्याची बाटली घेतानासुद्धा. नऊ गुणिले तीस गुणिले पंच्याऐंशी म्हणजे तेवीस हजार रुपये, एका दिवसाच्या रांगेसाठी. हा आकडा त्यांना टोचणारच, मग तो तुमच्या खिशातून गेला तरी. किंबहुना तुमच्या खिशातून जातो म्हणूनच जास्त टोचतो. तेव्हा दोन गोष्टी करा. पासची खरेदी घरी, आधी, फोनवर उरकून टाका. पार्कात उभं राहून “घ्यायचा का रे सगळ्यांचा?” अशी चर्चा नको, कारण तिथे दिरांना ‘नको नको’ म्हणावंच लागेल. आणि एक दिवसच घ्यायचा असल्याने, “दोन दिवसांत एकच दिवस घेतलाय” हे तुम्ही जाऊबाईंना आधी सांगून ठेवू शकता. जाऊबाईंना, दिरांना नव्हे. त्या योग्य वेळी, योग्य शब्दांत पोहोचवतील.

दुसरी गोष्ट, दिरांना एक जेवण पूर्ण देऊ द्या. खरंच पूर्ण, बिल त्यांच्या हातात. नवरा मधेच कार्ड पुढे करेल, त्याला टेबलाखालून पाय मारा. किंवा दुपारच्या उन्हात सगळ्यांना ते अननसाचं डोल व्हिप, म्हणजे तिथलं मऊ आइस्क्रीम, त्यांनी खाऊ घालावं. रक्कम महत्त्वाची नाही. पाहुणा म्हणून आलेल्या धाकट्या भावाला दोन दिवस फक्त ‘थँक्यू’ म्हणत फिरायला लावणं फार जड जातं.

प्रीमियर पास नावाचा आणखी एक प्रकार आहे, त्याच्याकडे नवऱ्याची नजर गेली तर लगेच वळवा. 2024 च्या ऑक्टोबरमध्ये तो आला तेव्हा डिस्नी वर्ल्डमध्ये माणशी 129 पासून 449 डॉलरपर्यंत भाव होता, तारीख आणि पार्क बघून. त्यात आधी वेळ ठरवावी लागत नाही, केव्हाही जा, प्रत्येक लेन एकदा. आठ जणांचा वरच्या भावाने हिशेब केला तर जवळपास छत्तीसशे डॉलर. तेवढ्यात तुमचे दीर सहकुटुंब पुन्हा येतील.

मॅजिक किंगडमच्या दिवशी हे पैसे कसे वसूल करायचे ते सांगते. भाड्याच्या घरात राहता आहात, म्हणजे डिस्नीच्या हॉटेलातल्या पाहुण्यांसारखी सात दिवस आधी नोंदणी मिळणार नाही. तुम्हाला तीन दिवस आधी, सकाळी सातला. त्याआधी नऊही जणांची तिकिटं एकाच खात्यात जोडलेली हवीत. हे काम सातला पाच मिनिटं कमी असताना करायला घेऊ नका, कुणाचा तरी पासवर्ड हमखास हरवतो. सुरुवातीला तीन राइड निवडता येतात. तुम्हाला पाच वर्षांच्या मुलीसकट सगळे बसतील अशा राइड हव्यात आणि ज्यांची रांग जागच्या जागी थिजते अशा हव्यात. पीटर पॅन्स फ्लाइट घ्या: जुनी, संथ, तासाला कमी माणसं घेते, म्हणून दिवसभर तुंबलेली असते. उंचीची अट नाही, बाबाही आरामात बसतील. नाहीतर जंगल क्रूझ घ्या: दोन्ही एकाच गटातल्या आहेत, त्यामुळे सुरुवातीच्या तिनांत यांतली एकच धरता येते. स्मॉल वर्ल्ड, फिलहारमॅजिक यांवर निवड खर्च करू नका, तिथे रांग वेगाने सरकते. ट्रॉन या वेगवान राइडचा पास वेगळा विकला जातो आणि तिथे 48 इंच उंचीची अट आहे. दोन्ही मुलगे ती ओलांडत असतील आणि फारच मागे लागले असतील, तर तिथे त्यांनी साध्या रांगेत उभं राहावं, बरोबर एक मोठं माणूस. पासच्या दिवशीसुद्धा एक रांग मुलांनी अनुभवलेली बरी. निवडलेल्या वेळा शक्यतो सकाळच्या घ्या. पहिली वापरली की पुढची घेता येते, त्यामुळे दुपारनंतरच्या वेळा धरून बसलात तर अर्धा पास वाया.

जूनमध्ये फ्लोरिडात दुपारी गडगडाटी पाऊस जवळपास ठरलेला. वीज कडाडली की उघड्यावरच्या राइड थांबतात, पास असो वा नसो. अशी वेळ आली तर पास वाया जात नाही, बहुधा दुसऱ्या राइडसाठी किंवा नंतर वापरायला मिळतो. तो तास सासूबाईंच्या मालकीचा: आत कुठेतरी थंडाव्यात बसून त्यांच्या सोयीने खाणं-पिणं.

अ‍ॅनिमल किंगडमचा दिवस बाबांचा. तो त्यांच्या हाती द्या. वेळापत्रक त्यांनी करायचं, निघायची वेळ त्यांनी ठरवायची, आणि पास नसल्याबद्दल नवऱ्याने दिवसभरात एक शब्द काढायचा नाही. हे पार्क मी मुद्दाम निवडलं. 1998 साली उघडलेलं, पाळण्यांपेक्षा प्राण्यांचं जास्त. उघड्या ट्रकमधून किलिमांजारो सफारी, वाघ आणि गोरिला बघायच्या पायवाटा, नाटकासारखे कार्यक्रम. सासूबाईंनाही इथे बाकावर बसून राहावं लागणार नाही. मात्र सफारीचा ट्रक बऱ्यापैकी हादरतो, त्यांना पुढच्या ओळीतली जागा मागा. फाटक उघडायच्या अर्धा तास आधी पोहोचा. मुख्याध्यापक माणूस आहे, तुम्हाला तासभर आधी पोहोचवेल. डिस्नीच्या हॉटेलात उतरलेल्यांना अर्धा तास आधी आत सोडतात, त्याबद्दल बाबा दोन शब्द बोलतील ते ऐकून घ्या.

तिथली मोठी रांग फ्लाइट ऑफ पॅसेजची. उंचीची अट 44 इंच, तेव्हा मुलगी कदाचित बसू शकणार नाही. अशा वेळी रायडर स्विच मागा: एक तुकडी आत जाते, दुसरी लहान मुलीपाशी थांबते, आणि मग थांबलेल्यांना लाइटनिंग लेनच्या दारातून सोडतात. त्याला पैसे पडत नाहीत. म्हणजे पासविरोधी दिवशी बाबा स्वतः त्या दारातून जाण्याची शक्यता आहे. त्यांना हे आधी सांगू नका, दाराशी पोहोचल्यावर सांगा आणि चेहरा बघा.

रांगेत काय करायचं याचं शास्त्रही आहे. डेव्हिड मेस्टर नावाच्या अभ्यासकाने 1985 साली मांडलं होतं, की रिकामा वेळ भरलेल्या वेळेपेक्षा लांब वाटतो, किती थांबायचं ते माहीत नसेल तरी लांब वाटतो, आणि अन्याय होतोय असं वाटलं तरीही. पहिल्या दोन गोष्टींची काळजी डिस्नी घेतं: रांगेत बघायला सजावट असते आणि दाराशी मिनिटांची पाटी, जिच्यावरचा आकडा बऱ्याचदा थोडा फुगवलेलाच असतो, म्हणजे नंबर लवकर लागला की माणूस खूश. तिसरीची काळजी मात्र तुम्हाला घ्यायची आहे. पासवाले समोरून जातील तेव्हा नातू आजोबांकडे बघेल. काल आपणही त्यांच्यातलेच होतो, हे त्याने स्वतः बोलून दाखवलं तर उत्तम. तुम्ही बोलून दाखवू नका.

खाणं घरून नेता येतं, काचेची भांडी आणि दारू सोडून. दशम्या, कोरडी चटणी, चिवडा न्या. खाण्याच्या दुकानांच्या काउंटरवर साधं थंड पाणी मागितलं तर फुकट देतात, बाटलीला पैसे घालू नका. दिरांना ही माहिती तुमच्या तोंडून ऐकायला फार आवडेल. बाबांना भर दुपारी दोन तास घरी नेऊन आणायची तयारी ठेवा, नाहीतर निदान गाडीत एसी लावून. पट्टे असलेल्या चपला नकोत, बूटच. पाऊस आला की पोंचो तिथे महाग मिळतात, येताना शार्लटहून प्लास्टिकचे स्वस्तातले नऊ उचला.

आणि ते सकाळी सातला नोंदणीचं काम तुमच्या मुलाला आणि पुतण्याला मिळून द्या. दोघांच्या बोटांना तुमच्या-माझ्यापेक्षा वेग आहे, आणि तीन राइड कुठल्या यावर त्यांचं जे भांडण होईल ते आधीच होऊन जाईल. फक्त पैसे भरायच्या पानावर फोन तुमच्या हातात घ्या.